साहेबांची जीभ

तुम्ही खोटं लिहिलं, साहेब. टाईप करून, तीन प्रती काढून, खाली शिक्का ठोकून खोटं लिहिलं. गोडाच्या बाटलीत क्विनीन तुम्ही भरलं आणि नाव माझं टाकलं. चाळीस उंदीर तुम्ही वाया घालवले आणि नोकरी माझी घेता. तुमचं भाषण ऐकायला दिल्लीचे लोक येत असतील, पण तुम्ही भित्रे आहात आणि खोटारडे आहात.

जागेश्वर धकाते हे सगळं बोलला खरा, पण उंदरांसमोर बोलला. उंदीरघराचं दार आतून लावून, पिंजऱ्यांखालचा भुसा बदलता बदलता. पांढरे उंदीर मिशा हलवत ऐकत राहिले. साहेबांच्या तोंडावर बोलायची त्याची हिंमत त्या दिवशी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. हिंमत नंतर आली. ती कशी आली, तेच सांगायचं आहे.

साल एकोणऐंशी. नागपुरातल्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचा विभाग होता आणि जागेश्वर तिथे अकरा वर्षांपासून परिचर होता. परिचर म्हणजे उंदरांना दाणा घालायचा, काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्या भरायच्या आणि विभागप्रमुख साहेबांचा चहा करायचा.

पण जागेश्वरजवळ एक गोष्ट अशी होती जी त्या इमारतीत कोणाजवळच नव्हती. जीभ.

तो कोष्ट्याचा पोरगा. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचा बाप रामाजी मागावर बसायचा. सुताला खळ लावावी लागते, पिठाची पातळ पेज. ती आंबली की सूत कुजतं, कच्ची राहिली की मागावर पटापट तुटतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. रामाजी बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावायचा, बाजूला थुंकायचा आणि सांगायचा, "लाव." नाही तर, "फेक." गल्लीतली दहा-बारा घरं आपापली खळ वाटीत घेऊन त्याच्या ओट्यावर यायची. कोणी 'काहून' म्हणून विचारलं नाही. कोणी लिहून मागितलं नाही. रामाजीनं फेक म्हटलं की घरचा कर्ता पुरुष भरला हंडा मोरीत ओतायचा. पुढे माग बंद पडले, रामाजीही गेला, पण ती जीभ पोराच्या तोंडात उतरली होती. पाण्यात मिठाचे चार खडे पडले असतील तरी जागेश्वरला कळायचं.

साहेबांचं सगळं संशोधन चवीवर होतं. माणूस असो की उंदीर, तोंडातली चव मेंदूत कोणत्या वाटेनं जाते आणि तिच्यापायी त्याची वागणूक कशी बदलते, हा त्यांचा विषय. खोटं कशाला बोलू, शिकवायचे फार सुंदर. जागेश्वर दाराआड उभा राहून ऐकायचा आणि त्याला समजायचं. उंदराला गोड पाणी पाजा, साहेब सांगायचे, आणि नंतर त्याच्या पोटात लिथियमचं इंजेक्शन द्या. त्याचं पोट ढवळतं. बिचाऱ्याला ओकता येत नाही, उंदराची जातच तशी. तो कोपऱ्यात पोट टेकून पडून राहतो. पण मेंदू नोंद करतो. पुन्हा कधी त्याच्यासमोर ते गोड पाणी ठेवा, तहानेनं मरेल पण तोंड लावणार नाही. एकदाच! एका वेळेत शिकतो! तुम्हाला मी वर्षभर शिकवून येत नाही! पोरं हसायची.

पंच्याहत्तर साली साहेबांचा स्कूटरवरून अपघात झाला. डोक्याला मार लागला, महिनाभर पडून होते. परत आले ते धडधाकट दिसत होते. आठच दिवसांत जागेश्वरच्या हातून एक चूक झाली. साखरेच्या बरणीऐवजी मिठाची बरणी हातात आली आणि दोन चमचे मीठ साहेबांच्या चहात पडलं. त्याच्या लक्षात आलं तेव्हा साहेबांचा कप रिकामा झाला होता.

"आज चहा मस्त झाला रे," साहेब म्हणाले.

जागेश्वर हात जोडून उभा राहिला. "साहेब, त्यात मीठ पडलं होतं."

साहेबांनी उठून दाराला कडी लावली. खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही, ते म्हणाले. आत कुठे तरी वाट तुटली आहे. बायकोलाही सांगितलेलं नाही. चवीचा प्रोफेसर आणि त्यालाच चव नाही, हे बाहेर गेलं तर लोक हसतील, जागेश्वर. माझं हसं होईल.

जागेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या जागी मी चाखत जाईन, साहेब," तो म्हणाला. "कोनाले कळनार नाही."

आणि चार वर्षं कोणाला कळलं नाही. कोणती बाटली गोड, कोणती कडू, द्रावण फिकं झालं की जहाल, सगळं जागेश्वरची जीभ सांगायची आणि साहेब वहीत स्वतःच्या नावानं उतरवायचे. कागदावर जागेश्वरनं काही लिहायचं नाही, हे ठरलेलं होतं. त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही. ज्या गल्लीत बापाच्या एका शब्दावर हंडे रिकामे होत, तिथल्या माणसाला कागद मागायचं सुचणार कसं? तीच त्याची चूक. शिकलेल्या माणसाशी तोंडी व्यवहार केला.

दर हिवाळ्यात साहेबांचं एक मोठं व्याख्यान असायचं. त्याच्या शेवटी ते एक खेळ करायचे. ट्रेमध्ये चार ड्रॉपर, एकावरही चिठ्ठी नाही. समोरच्यांपैकी कोणी एक उचलायचा, साहेबांच्या जिभेवर थेंब टाकायचा आणि साहेब डोळे मिटून चव सांगायचे. टाळ्या पडायच्या. त्यात जादू काही नव्हती. ट्रे जागेश्वर लावायचा. डावीकडून गोड, खारट, आंबट, कडू. उचलणाऱ्यानं कितवा उचलला ते साहेब डोळे मिटायच्या आधी बघून घ्यायचे.

आता दिवाळीचं सांगतो.

जागेश्वरची बहीण उमरेडला दिलेली. भाऊबीजेसाठी म्हणून त्यानं आठ दिवस मागितले. साहेब म्हणाले, "जा. अर्ज कशाला करतोस? आल्यावर हजेरीवर सह्या ठोक, रजा वाचेल." जागेश्वरनं वाकून नमस्कार केला. केवढा मोठा माणूस, त्याला वाटलं.

त्याच आठ दिवसांत चाळीस उंदरांचा मुख्य प्रयोग लागला. गोड सॅकरीन आणि कडू क्विनीन, दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्ही सारख्याच तपकिरी बरण्यांत, आणि उंदीरघराच्या ओलीनं चिठ्ठ्या गळून पडलेल्या. साहेबांनी स्वतः द्रावण केलं. चाखलं असेल, नसेल, काय फरक पडतो? गोडाच्या बाटलीत क्विनीन गेलं. तहानलेले उंदीर ते कडू पाणी प्याले, इंजेक्शनानं आजारी पडले आणि कडू पाण्याचा धसका घेऊन बसले. मग परीक्षेच्या दिवशी साहेबांनी नव्या बाटल्या भरल्या, या वेळी हात नेमका सॅकरीनच्या बरणीवर पडला, आणि खरं गोड पाणी समोर आलं तेव्हा चाळीसही उंदीर त्यावर तुटून पडले. साहेबांचा निबंध मात्र आधीच दिल्लीला गेला होता. त्यात लिहिलं होतं की उंदीर गोडाला तोंड लावत नाहीत.

जागेश्वर उमरेडहून आला. हजेरीवर आठ दिवसांच्या सह्या केल्या. मग बाटल्या धुवायला काढल्या आणि सवयीनं तळाचा थेंब जिभेला लावला. धावतच साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, गोडाच्या बाटलीत क्विनीन हाय!"

साहेबांचा चेहरा उतरला. "कोणाला सांगितलंस?"

"कोनालेच नाही."

"सांगू नको. मी बघतो."

बघितलं ते असं. पाचव्या दिवशी जागेश्वरच्या हातात कागद पडला. परिचर धकाते याने दिनांक अमुक ते अमुक या काळात बाटल्या भरताना अक्षम्य हलगर्जीपणा केला. चव तपासण्याचे काम नेमून दिले असता चुकीची तपासणी केली. चौकशी होईपर्यंत कामावर राहावे. खाली साहेबांची वळणदार सही.

हेडक्लार्क बाबनराव कागद देताना पान चघळत होता. "हजेरीवर सह्या तुह्याच हायेत नं गा?"

"बाबनराव, मी उमरेडले होतो! तुमाले मालूम नाही का? तुमीच तं पेन देल्ला सह्या कराले!"

"मले मालूम हाय. कागदाले मालूम नाही." बाबनरावनं खिडकीतून पिंक टाकली. "अन् तू नव्हता म्हनशील तं खोट्या सह्या केल्या म्हनून जाशील. होता म्हनशील तं बाटलीपायी जाशील. पन साहेब देवमानूस हाय. म्हनते, माफीनामा लिहून दे. जीभ चुकली, एवढंच लिही. ताकीद देऊन सोडतो म्हनते. डीनसाहेब चौकशीले बसाच्या आधी देऊन टाक."

जीभ चुकली. दुसरं काहीही लिहायला सांगितलं असतं तर जागेश्वरनं लिहिलं असतं. झोप लागली, दारू प्यालो होतो, काहीही.

घरी त्याची बायको प्रेमिला भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग लिहून द्या नं."

"काय लिहून देऊ वं? माही जीभ चुकली म्हनून? रामाजीच्या पोराची?"

"रामाजी मरून नऊ वर्षं झाले. पोरगी तुमची सातवीत हाय."

"तू बी तेच म्हनून राहिली."

"मी काहीच नाही म्हनून राहिली. जीभ तुमची, नोकरी तुमची. मले फक्त एवढं सांगा, त्या मानसाच्या पोटात दुखते तं तुमी काहून कन्हता? चार वर्षं त्याच्यासाठी तोंड कडू करून घेतलं तुमी. त्यानं एकदा तरी चूळ भराले पानी देल्लं का?"

आणि तिनं तव्यावरची भाकरी अशी उलटली, जणू तिचाच कोणी वैरी त्या तव्यावर बसला आहे.

दुसऱ्या दिवशीपासून जागेश्वरच्या डोक्यात सूड शिरला. इंजेक्शनचं लिथियम कपाटात होतं आणि कपाटाची चावी त्याच्या कमरेला होती. चव खारट. साहेबांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. चहात मिसळलं की उंदरासारखं कोपऱ्यात पोट धरून पडतील. दोन दिवस तो त्या विचाराच्या उबेत राहिला. चहा करताना तो विचार फार गोड लागायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं बाटली बाहेर काढली, उजेडात धरली आणि एकदम हसू आलं त्याला. साहेबांनीच शिकवलं होतं, आजाराची शिसारी चवीवर बसते. ज्याला चवच नाही त्याची शिसारी कशावर बसणार? पोट दुखेल, दुसऱ्या दिवशी बरं वाटेल, आणि हा माणूस काही शिकणार नाही. उंदराइतकंही नाही.

त्यानं बाटली ठेवून दिली. त्याला दुखवून भागणार नव्हतं. त्याला उघडं पाडायचं होतं.

व्याख्यान चौकशीच्या चार दिवस आधी होतं. आणि बघा साहेबांची हिंमत. ज्याच्यावर हलगर्जीपणाचा कागद काढला, त्यालाच बोलावून म्हणाले, "ट्रे नेहमीसारखा लाव. आणि तो माफीनामा?"

"संध्याकाळी देतो, साहेब."

"शहाणा आहेस."

चार्जशीट जागेश्वरच्या खिशात होतं आणि ट्रे हातात. हॉल गच्च भरला होता. पहिल्या रांगेत डीनसाहेब, त्यांच्या बाजूला दिल्लीहून आलेले दोन पाहुणे, मागे सव्वाशे पोरं-पोरी. ट्रे टेबलावर ठेवण्याआधी जागेश्वरनं चारही ड्रॉपर सरकवले. एकही आपल्या जागेवर राहू दिला नाही. कोणीही कितवाही उचलला असता तरी चालणार होतं. मग तो नेहमीच्या जागी, फळ्याच्या कोपऱ्याला पाठ लावून उभा राहिला. भीतीही वाटत होती आणि मजाही वाटत होती. दोन्ही एकदम.

साहेब त्या दिवशी रंगात होते. "नुकतंच जन्मलेलं मूल घ्या," ते सांगत होते. "त्याच्या जिभेवर साखरेचा थेंब ठेवा, ओठ चोखतं. क्विनीनचा ठेवा, तोंड वाकडं करतं. कोणी शिकवलं? कोणीच नाही. तोंडानं माणूस काहीही बोलेल, पण जिभेवर थेंब पडला की चेहरा खोटं बोलत नाही. वागणूक खोटं बोलत नाही."

टाळ्या झाल्या. मग खेळ सुरू झाला. दिल्लीच्या दोघांपैकी म्हातारे पाहुणे उठून आले आणि डावीकडचा पहिला ड्रॉपर उचलला. साहेबांनी तो बघून घेतला, डोळे मिटले आणि जीभ काढली. थेंब पडला.

साहेबांचा चेहरा खुलला. खरंच खुलला. ओठ चाटत ते म्हणाले, "वा! गोड! शुद्ध साखर!"

"आता कोणी तरी पडताळा," पाहुणे म्हणाले. पाहुण्यांच्या मागच्या बाकावरची एक मुलगी उत्साहानं पुढे आली. थेंब जिभेवर पडताच तिचं तोंड असं वाकडं झालं की मागची पोरं खदखदून हसली. तिनं रुमालात थुंकलं.

"सर, हे कडू आहे."

"तुझी जीभ तपासून घे, बेटा," साहेब हसत म्हणाले. एक-दोघं हसले. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या बोटावर थेंब घेतला, चाखला, आणि साहेबांकडे नुसतेच बघत राहिले. मग तिसरा ड्रॉपर उचलून त्यांनी पुढे केला.

"हा सांगा, प्रोफेसर."

साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. पण ते तरी काय करणार? त्यांच्याजवळ ड्रॉपरच्या जागेशिवाय दुसरं काही नव्हतं. "आंबट," ते म्हणाले.

मुलीनं चाखलं. "गोड, सर," ती अगदी हळू म्हणाली. तिलाच वाईट वाटत होतं.

जागेश्वरनं तो क्षण घोट घोट प्यायला. लपवून काय उपयोग? त्याला दया आली नाही.

आणि तेवढ्यात साहेब वळले. हुशार माणूस तो. बोट जागेश्वरकडे रोखलं आणि ओरडले, "यानं! यानं ड्रॉपर बदलले! डीनसाहेब, बघितलंत? हाच तो. दिवाळीत यानंच बाटल्या बदलल्या, माझा तीन वर्षांचा प्रयोग यानंच मातीत घातला, आणि आज पुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत तेच केलं! आणखी कसला पुरावा हवा?"

सगळा हॉल जागेश्वरकडे वळला. आपणच आपला गळा साहेबांच्या हातात दिला, हे त्याला तेव्हा कळलं. डीनसाहेब उभे राहिले. "धकाते, ड्रॉपर तू बदललेस का?"

नाही म्हणायची सोय होती. कोण बघत होतं? संध्याकाळी माफीनामा दिला असता तर नोकरीही कदाचित वाचली असती. जागेश्वर भिंतीपासून सुटा झाला आणि टेबलापर्यंत चालत आला.

"हो. आज म्याच सरकवले. मुद्दाम सरकवले. लिहून घ्या, सही करतो. पन मी फक्त ड्रॉपर सरकवले, डीनसाहेब. साहेबाच्या तोंडातली चव नाही सरकवली. क्विनीन जिभेवर घेऊन हे साखर म्हनाले अन् ओठ चाटले. ते म्या नाही शिकवलं त्याईले."

"बाहेर काढा याला!" साहेब ओरडले. कोणी हललं नाही. बाबनराव दारातच उभा होता, तोही हलला नाही.

जागेश्वरनं खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. "याच्यात लिहिलं हाय, दिवाळीत बाटल्या म्या भरल्या. दिवाळीत मी नागपुरातच नव्हतो. उमरेडले बहिनीच्या घरी होतो. हजेरीवरच्या सह्या खोट्या हायेत, म्या येऊन केल्या, साहेबानं कराले सांगतल्या. त्याची जे सजा असल ते द्या. नोकरी जाईल, जाऊ द्या. पन माही जीभ चुकली असं ज्यानं लिहिलं, त्याले इथंच, सगळ्याईसमोर बोलू द्या."

तो साहेबांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"साहेब, मी उमरेडले होतो. तुमची जीभ चार वर्षांपासून मेलेली हाय. मंग त्या आठ दिवसांत बाटल्या चाखल्या कोनं? मले नका सांगू, यायले सांगा. डीनसाहेब बसले हायेत, पाहुने बसले हायेत, तुमचे पोरं बसले हायेत. बोला. कोनं चाखल्या?"